नेऱ्याला घर बघताना

‘स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं, मॅडम!’ ब्रोकरने फोनवर सांगितलं होतं. दहा मिनिटं कशाने, हे विचारायचं मात्र राहून गेलं. पनवेल स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरेपर्यंतच तेवढी गेली. सुकापूर मागे पडलं, इमारती विरळ झाल्या आणि समोर माथेरानचा डोंगर उभा राहिला. आलं नेरे.

इथे भाड्याने कोण येतं? तुमच्या-आमच्यासारखेच. नवीन पनवेल, खांदा कॉलनीतल्या कॉलेजांची पोरं आणि रोज लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार. तिकडची भाडी झेपेनात, की सुकापूर; सुकापूर झेपेना, की नेरे. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानंही उडू लागली. आता ब्रोकर आधी विमानतळ दाखवतात, मग किचन!

फ्लॅट मात्र झकास होता. वन बीएचके, तिसरा मजला, बाल्कनीत डोंगर. पाण्याचं ब्रोकरला विचारू नका, शेजारच्या काकूंना विचारा. ‘मे महिन्यात टँकर,’ काकूंनी एका वाक्यात निकाल लावला. गंमत बघा, पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण याच रस्त्याने पुढे आहे.

मग घरमालकीणबाईंचा इंटरव्ह्यू. लग्न झालंय? एकटीच राहणार? मित्र येतात का? याआधी दोन सोसायट्यांनी ‘बॅचलर नको’ म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं, त्यामुळे मी शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होते. याच नेऱ्यात शांतिवन आहे. ज्यांना गावाने, घरच्यांनीही दार बंद केलं, त्या कुष्ठरुग्णांना तिथे अनेक दशकं आसरा मिळत आलाय. माझी अडचण त्यापुढे अगदीच किरकोळ. पण नकार ऐकून जिना उतरताना तोंड कसं होतं, ते आता मला ठाऊक आहे.

बाई राजी झाल्या. ब्रोकर म्हणाला, ‘अ‍ॅग्रीमेंट साध्या नोटरीवर उरकू.’ इथे मी अडले. तुम्हीही अडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. हे ऐकल्यावर बाई सरसावून बसल्या. ‘खर्च किती?’ मी मोबाइलवर हिशेब मांडला. समजा भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००, मुदत अकरा महिने. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के स्टँप ड्युटी, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. वर किरकोळ खर्च. आणि हे सगळं ऑनलाइन होतं.

‘एवढंच? मग रजिस्टरच करू,’ बाई म्हणाल्या. ब्रोकरचा चेहरा बघण्यासारखा होता.

‘पण गेट रात्री अकराला बंद हं.’

सीएसएमटी ते पनवेल हार्बर लोकलने साधारण ऐंशी मिनिटं. पुढे ती ‘दहा मिनिटं’.

‘साडेअकरा करा ना, काकू!’

‘बघू,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.