हरवलेले अनुस्वार

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि फळ्याची जागा आमच्या टेबलावरील संगणकाने घेतली. पडद्यावर अक्षरे उमटवायची, समजावून सांगायचे आणि पडद्याचे ते चित्रण पालकांस पाठवायचे, असा नवा रिवाज सुरू झाला. पहिल्याच धड्याने आमचा उत्साह मावळला. दहा मिनिटांचे चित्रण ३०० एमबींचे! व्हॉट्सॲपवर त्या वेळी व्हिडिओस १६ एमबींची मर्यादा. त्यातून घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. एवढे ओझे मुलांपर्यंत पोहोचावे कसे?

आम्ही सरळ चित्राची लांबी-रुंदी पार कमी करून टाकली. फाइल हलकी झाली आणि आम्हांस धन्यता वाटली. आठवड्याने पाचवीतील एका मुलाच्या वहीचे छायाचित्र आले. 'शंख'चा 'शख', 'पंख'चा 'पख', 'चिंच'ची 'चिच'! आम्ही फोनवरच त्याला रागे भरलो. तो हळूच म्हणाला, "सर, मोबाइलवर असंच दिसत होतं."

तेच चित्रण आम्ही मोबाइलवर पाहिले आणि आमची मान खाली गेली. अनुस्वार खरोखरच पुसले गेले होते.

मग आम्ही थोडा अभ्यास केला. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती प्रत्येक चित्र नव्याने साठवीत नाही; मागील चित्राहून जे बदलले, बव्हंशी तेवढेच टिपते. पडदा स्थिर असेल, तर टिपण्याजोगे थोडेच उरते. तेव्हा चित्राची उंची ७२० बिंदूंची राखावी, अक्षरे ठळक काढावीत. मात्र सेकंदास ३० ऐवजी १० चित्रे घ्यावीत, हलती सजावट गाळावी, आवाज स्टिरिओऐवजी मोनो ठेवावा. हँडब्रेक ह्या विनामूल्य साधनाने हे काम होते. हिशेबही सोपा आहे : चित्र व आवाज मिळून सेकंदास २०० किलोबिट धरले, तर दहा मिनिटांस १५ एमबी.

आमच्या ह्याच बडोद्यातून सयाजीरावांच्या काळी फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. पेटी लहान, म्हणून पुस्तके मोजकी. पण त्यांतील अक्षरे कोणी खोडून पाठवीत नसे. काय गाळावे हे ठरविण्याआधी काय गाळू नये हे ठरवावे लागते, एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

त्या मुलाची आम्ही क्षमा मागितली आणि धडा नव्याने पाठविला. पुढच्या छायाचित्रात प्रत्येक 'शंख' डोक्यावर आपला टिंब मिरवीत होता.