चाक बसलं नव्हतं

बाबांची जुनी, कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. तिची मूळ लोखंडी चाकं मी सुट्टीत हौसेनं रंगवून बसवली. पहिल्याच फेरीत गाडी थरथरायला लागली. मागे लेक बसलेली. छातीत धस्स झालं!

पाहते तर बोल्ट सैल. बाबांनी चाक काढायला लावलं. हबवर गंजाचे पापुद्रे आणि चाकाच्या आतल्या बाजूला माझ्याच रंगाचा जाड थर. "अगं, रंग दबला की बोल्ट सैल पडणारच. चाक हबला चिकटून बसायला हवं."

दोन्ही बाजू तारेच्या ब्रशनं लख्ख घासल्या. मग बोल्ट आधी हातानं, नंतर पान्यानं समोरासमोरचे, थोडे थोडे. मी एकामागून एक आवळले होते. (डी.एड.ला हे शिकवत नाहीत हो!)

"आई, आता बसू?" लेकीनं विचारलं. मी पुन्हा पाना उचलला.