किती सामन्यांवरून माणूस जोखावा?

२०२२ च्या जूनमध्ये माझी बदली बंगळूरुला झाली. सरकारी निवासस्थान मिळेपर्यंत म्हणून बसवनगुडीत जे घर भाड्याने घेतले, त्याच घरात मी अद्याप राहते आहे. बसवनगुडी म्हणजे या शहराची सदाशिव पेठ, असे पुण्याच्या वाचकांना सांगितले की त्यांना बरेचसे कळेल. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी वसवलेला हा भाग. गांधी बाजारातील फुलांचे ढीग, विद्यार्थी भवनाच्या दारातील डोशासाठीची रांग, सकाळी कृष्णराव उद्यानात फेऱ्या मारणारे निवृत्त लोक, आणि खेळ म्हटला की क्रिकेट. अनिल कुंबळे येथल्याच नॅशनल हायस्कूलचा विद्यार्थी. फुटबॉल हा पलीकडच्या लष्करी छावणीचा खेळ. ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन, गौतमपुरा या वस्त्यांचा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला गोल करणारा सारंगपाणी रामन बंगळूरुचा होता, ही गोष्ट बसवनगुडीत फारशी कोणाला ठाऊक नसते.

मला तरी कोठे ठाऊक होती? ती सांगितली आमच्या घरमालकांच्या नातवाने. हा मुलगा एका संगणक कंपनीत नोकरीला आहे आणि सामन्याच्या दिवशी निळी जर्सी घालून नॅशनल कॉलेज स्थानकावरून मेट्रो पकडतो. कांतीरवा मैदानाच्या पश्चिमेकडील ज्या भागात बेंगळूरु एफसीचे कट्टर पाठीराखे सामनाभर उभे राहून ओरडतात, तेथे तो उभा असतो. आजोबांच्या मते ही वेडगळ चैन आहे. मी मध्यस्थ.

हा क्लब २०१३ मध्ये स्थापन झाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीगचा विजेता ठरला. पुढे २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगही त्यांनी जिंकली. मुंबईतल्या त्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्धचा एकमेव गोल मुंबईच्याच राहुल भेकेने जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, डोक्याने मारला. मी मराठी आहे असे कळताच नातवाने मला हे पहिल्यांदा सांगितले, जणू त्यात माझेही काही श्रेय असावे. परंतु यशाची सवय लागलेल्या संस्थेत अपयशाचा हिशेब फार लवकर मागितला जातो. विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांना जानेवारी २०२१ मध्ये, सलग ३ पराभवांनंतर, जावे लागले.

मला येथे सांगायचे आहे ते सायमन ग्रेसन या इंग्रज प्रशिक्षकाविषयी. ते २०२२ मध्ये, म्हणजे माझ्याच बरोबर, या शहरात आले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संघाने ड्युरँड चषक जिंकला. मग लीगमध्ये घसरगुंडी झाली, मग सलग ८ सामने जिंकले, आणि १८ मार्च २०२३ ला गोव्यात अंतिम सामना पेनल्टीवर हरले. एप्रिलमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात ओडिशाकडून हार. एका हंगामात ३ अंतिम सामने! त्या वर्षी त्यांनी सुनील छेत्रीला बऱ्याच सामन्यांत राखीव खेळाडूंत बसवले, तेव्हा नातवाच्या मित्रमंडळात जो वाद झाला तो ऐकून मला आमच्या कार्यालयातील सेवाज्येष्ठतेची भांडणे आठवली. ज्येष्ठाला बाकावर कसे बसवायचे? आणि त्याच राखीव छेत्रीने बाद फेरीत केरळविरुद्ध झटपट फ्रीकिक घेऊन गोल केला, केरळचा संघ रागाने मैदान सोडून गेला, तेव्हा तीच मंडळी प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीचे गोडवे गाऊ लागली.

त्यानंतर ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. कांतीरवावर मुंबई सिटीकडून ०-४ असा पराभव. त्या हंगामात तोवर एकच विजय पदरी होता. दुसऱ्या दिवशी ग्रेसन यांचा क्लबशी संबंध संपला.

हे दिवस कडलेकाय परिषेचे होते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत, मोठ्या नंदीच्या देवळापाशी, शेंगांची जत्रा भरते आणि बुल टेम्पल रस्त्यावर दुतर्फा भुईमुगाच्या शेंगांच्या राशी लागतात. रविवारी संध्याकाळी घरमालकीणबाईंबरोबर मी जत्रेत गेले तेव्हा नातू आणि त्याचे चार मित्र उकडलेल्या शेंगा खात तावातावाने भांडत होते. आम्ही दोघी तेथेच थांबलो.

नातवाचे म्हणणे, निर्णय उशिराच झाला. अलसूरच्या बाजूला राहणारा त्याचा मित्र म्हणत होता की उन्हाळ्यात झिंगन गेला, उदान्ता गेला, रॉय कृष्णा गेला. त्यांच्या तोडीची माणसे आली नाहीत. मग जाब फक्त प्रशिक्षकाला का? खेळाडू निवडणाऱ्याला कोणी विचारणार की नाही? तिसऱ्याने फर्ग्युसनचे उदाहरण दिले. हे उदाहरण फुटबॉलच्या प्रत्येक वादात येते असे दिसते: १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आलेल्या गृहस्थांना पहिला चषक १९९० मध्ये मिळाला, तोवर मालकांनी धीर धरला, इत्यादी. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला यातली मेख लगेच दिसते. धीर धरूनही ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्यांची नावे कोणालाच आठवत नाहीत.

त्या घोळक्यात एचएएलमधून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते, तरुणपणी कारखान्यांच्या स्पर्धांत खेळलेले. एचएएल, आयटीआय या सार्वजनिक उपक्रमांच्या संघांनी या शहराचा फुटबॉल कित्येक वर्षे जगवला. एचएएलचा संघ २०१२ पर्यंत आय-लीगमध्येही होता. ते म्हणाले, "आमच्या वेळी प्रशिक्षक हरला तरी सोमवारी कारखान्यात हजर असायचा. त्याला काढणार कुठून? तो तर कायम नोकरीत." पोरे हसली. त्यांनी मात्र मान हलवून पुढे म्हटले, "त्यामुळे आळस यायचा, हेही खरे."

असे कोणी प्रांजळपणे बोलले की मला बरे वाटते. प्रशासनातील सुरक्षिततेविषयी आम्ही अधिकारी मंडळी इतक्या मोकळेपणाने बोलत नाही.

प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो का, याचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनी केलेला आहे. नेदरलँड्समधील बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातील डच फुटबॉल लीगची आकडेवारी तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षक काढल्यानंतर संघांची कामगिरी सुधारलेली दिसते, हे खरे. परंतु तितकीच घसरण झालेल्या ज्या संघांनी प्रशिक्षक काढला नाही, तेही जवळजवळ तसेच सावरले. कारण साधे आहे. माणसाला काढतात ते कामगिरी तळाला गेली असताना. आणि तळ हा बव्हंशी दुर्दैवाने, दुखापतींनी, चेंडू खांबाला लागून परतण्याने बनलेला असतो. दुर्दैव एवढ्याच प्रमाणात पुन्हा येत नाही, म्हणून आलेख वर जातो आणि त्याचे श्रेय नव्या माणसास मिळते. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडणे म्हणतात. संख्याशास्त्राने त्याला दिलेले नाव जड आहे, पण त्यात याहून अधिक काही नाही.

मी हे तेथे शेंगा सोलत सोलत पोरांना समजावून सांगितले. नातू म्हणाला, "मग आंटी, तुमच्या ऑफिसात कसे ठरवतात?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे उत्तर आता देते.

२००३-०४ च्या सुमारास मी विदर्भातील एका कार्यालयात होते. माझ्या हाताखाली चार शाखा. त्यांपैकी एका शाखेच्या प्रमुखाकडे त्या वर्षी प्रलंबित प्रकरणांचा आकडा भराभर वाढला. हे गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे, मितभाषी, बैठकीत खुलासा न करणारे. वर्षअखेरीस त्यांच्या गोपनीय अहवालात मी 'चांगला' अशी प्रतवारी दिली आणि शाखा दुसऱ्याकडे सोपवली. पुढच्या वर्षी आकडा खाली आला. मी निर्णयक्षम अधिकारी आहे, अशी माझी स्वतःविषयीची समजूत त्या वर्षी पक्की झाली.

सेवेबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल समजला जात नसे, म्हणून तो संबंधिताला कळवीत नसत. पण ज्या पदोन्नतीस 'खूप चांगला' ही किमान पातळी असे, तेथे एक 'चांगला' माणसाला अडवू शके. आणि आपण कशाला अडखळलो हे त्याला कळतही नसे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले आणि प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळवला पाहिजे असा निर्णय दिला. २००९ पासून अहवालातील 'गोपनीय' शब्द गेला. एप्रिल २०१० मध्ये आणखी एक परिपत्रक आले: पुढील पदोन्नतीच्या वेळी जे जुने शेरे आड येणार असतील, तेही कळवा आणि त्यावर अभिवेदन घ्या.

त्या परिपत्रकाच्या मागोमाग माझ्याकडे टिप्पणीसाठी एक अभिवेदन आले. दोन पाने, सुवाच्य अक्षर. त्या गृहस्थांनी तक्रार केलीच नव्हती. फक्त आकडे दिले होते. त्या वर्षी त्यांच्या शाखेतील दोन लिपिक निवडणुकीच्या कामास गेले होते. शेजारच्या शाखेतील वर्षानुवर्षांची जुनी प्रकरणे, माझ्याच आदेशाने, त्यांच्याकडे वर्ग झाली होती. आणि पुढच्या वर्षी प्रलंबित प्रकरणे चारही शाखांत घटली होती. ज्या तीन शाखांचे प्रमुख बदलले नव्हते, तेथेही.

म्हणजे डच अभ्यास प्रसिद्ध होण्यापूर्वी वर्षभर, विदर्भातील एका शाखाप्रमुखाने तोच युक्तिवाद दोन पानांत माझ्यापुढे मांडला होता. मी अर्थशास्त्राची एम.ए. तो मला कळला नाही असे म्हणता येणार नाही. तरीही मी लिहिले: 'प्रतवारी तत्कालीन अभिलेखावर आधारित आहे. अधिक टिप्पणी नाही.' असे लिहिल्याने मी चुकले होते हे कोठेही नोंदले गेले नाही. अभिवेदन फेटाळले गेले. पुढे काही वर्षांनी ते गृहस्थ त्याच पदावरून निवृत्त झाले, असे समजले.

ग्रेसन निदान हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर हरले. कोण जखमी होते, कोणता बचावपटू जागा सोडून पुढे गेला, हे नातवाच्या चमूतील प्रत्येकाला मिनिटासह पाठ होते. ही पोरे शिवराळ बोलतात, एका सामन्यात देव करतात आणि दुसऱ्यात दगड. पण नव्वद मिनिटे ती उभी राहून बघतात. मी त्या वर्षी ते निवडणूक-कामाचे आदेश वाचलेदेखील नव्हते. माझ्यापुढे फक्त मासिक विवरणपत्र असे.

ग्रेसननंतर स्पेनचे गेरार्ड सारागोसा आले. संघ १२ पैकी १० वा आला. त्यांनाही घालवा, असा सूर निघाला. नातू त्यात आघाडीवर. क्लबने ठेवले, आणि पुढच्या हंगामात तेच प्रशिक्षक संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. १२ एप्रिल २०२५ ला कोलकात्यात मोहन बागानकडून जादा वेळेत १-२ असा पराभव झाला, तेव्हा नातू दोन दिवस जेवला नाही असे घरमालकीणबाई सांगत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लीगच्या कराराचेच भवितव्य अनिश्चित झाल्याने, क्लबने खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. त्या काळात मी एकदा त्याला विचारले, आता प्रशिक्षकाविषयी काय मत? तो म्हणाला, "आंटी, आता मत नको, फक्त सामने होऊ देत."

यंदा माझ्याकडे एका तरुण अधिकारी मुलीचा मूल्यमापन अहवाल आहे. आता सारे संगणकावर असते आणि प्रतवारी १ ते १० मध्ये; ६ च्या खाली गेले की 'चांगला'. तिच्या विभागाचे वर्ष वाईट गेले आहे. आकडे उघड आहेत आणि ५.५ लिहिण्यास कोणीही हरकत घेणार नाही. तिच्या शेजारच्या दोन विभागांची ३ वर्षांची विवरणपत्रे मी मागवली आहेत. वर्षभरात तिच्याकडून किती माणसे इतरत्र पाठवली, याचे आदेशही काढायला सांगितले आहेत. त्यांतल्या काहींवर माझीच सही असणार. मुदत ३० जूनपर्यंत आहे.