अंगणातलं पाणी जातं कुठं?

उमापूरच्या आमच्या घराचं अंगण मातीचं होतं, शेणानं सारवलेलं. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी तिथं शहाबादी फरशी घातली. माती थोडंफार पाणी पिते, फरशी पीत नाही. वीस बाय तीस फुटांचं अंगण म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एखाद्या संध्याकाळी ५० मिलिमीटर कोसळला की २८०० लिटर पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं.

उपाय सगळ्यांना पाठ होता. दारावरून गल्लीची भूमिगत गटार जाते, न्हाणीचं पाणी तिला आधीच जोडलेलं आहे. त्याच चेंबरमध्ये अंगणाचा चार इंची पाइप सोडायचा. मी पुण्याहून चार दिवस सुट्टी काढून आलो.

मिस्त्रीमामांनी पाण्याची पारदर्शक नळी धरून उतार काढला, दहा फुटांना सव्वा इंच. माझं ॲप त्यापुढं लाजलं. बीडच्या खजाना बावडीचं पाणी भुयारी वाटेनं, पंपाशिवाय शेतात पोचतं, तीही करामत उताराचीच. मामांच्या दोन गोष्टी मी लिहून घेतल्या. पाइपला मधेच भोक पाडून जोड द्यायचा नाही, चेंबरमध्येच द्यायचा, तोही वाहत्या दिशेनं तिरका. आणि ट्रॅप हवाच. त्यात साचलेलं पाणी गटारीचा वास अडवतं. पण ज्या ट्रॅपमध्ये फक्त पावसाचं पाणी येणार, तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात आटणार. मग एप्रिल-मेमध्ये अंगणात खाट टाकायची सोय नाही, नाहीतर रोज त्यात तांब्या ओतायचा.

पुढची लाइन कशी गेलीय हे कुणालाच नीट सांगता येईना. ऑफिसात असा जुना कोड असतो. लिहिणारा निघून गेलेला, आणि चालतोय म्हणून कुणी हात लावत नाही. मी हौदात नीळ कालवली आणि मोटर लावून ते पाणी चेंबरमध्ये सोडलं. दहा मिनिटांत गल्लीच्या खालच्या टोकाच्या मावशी दारात उभ्या.

"काय सोडायलास रे? माझ्या न्हाणीतून निळं पाणी वर यायलंय."

दर पावसाळ्यात त्या न्हाणीच्या तोंडाला पोतं दाबून बसतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आमचं अंगण कोरडं होणार होतं ते त्यांच्या घरात.

अण्णा म्हणाले, "समदी गल्ली सोडती, आपलंच काय?" ते खोटं नव्हतं. आई मात्र वेगळंच बोलली. उन्हाळ्यात टँकरपुढं घागरी लावायच्या आणि पावसाचं चांगलं पाणी घाणीत सोडायचं?

मग शोषखड्डा ठरला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारीच काढून टाकल्या, ते अण्णांनी ऐकलं होतं. पण काळ्या मातीत खड्डा फसतो. ती भिजली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. शिवाय पायाजवळ फुगली तर भिंतीला तडे. म्हणून भिंतीपासून पंधरा फूट लांब, मुरूम लागेपर्यंत खणलं. दगड भरल्यावर पाण्याला मोकळी जागा तिसरा हिस्साच उरते, त्यामुळं मोठा पाऊस त्यात मावणार नाही. जास्तीचं पाणी रस्त्याकडच्या उघड्या नालीत काढलंय. खड्ड्याच्या अलीकडं गाळ अडवायला जाळीचा छोटा हौद आहे. लिंबाचा पाला त्यातून रोज आई काढते.

चेंबरकडं नेलेला पाइप अण्णांनी काढू दिलेला नाही. त्याला टोपण लावून ठेवलंय. "एक पावसाळा बघू," म्हणतात.