आवाजाची जपणूक

मनुष्य गेला तरी त्याचें हस्ताक्षर मागें राहतें. परंतु त्याचा आवाज मात्र पूर्वीं त्याच्याबरोबरच लोप पावत असे. इ. स. १८७७ मध्यें अमेरिकेंत थॉमस एडिसन यांनीं फोनोग्राफ सिद्ध केला आणि ही स्थिति पालटली. आज तर घरोघरच्या मोबाइलमध्यें ध्वनिमुद्रणाची सोय आहे. तथापि आवाज मुद्रित करणें निराळें आणि तो टिकविणें निराळें, हें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या अनुभवास आलें.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत असे. ती आतां हयात नाहीं. काकांनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं तिच्या कांहीं ओव्या आपल्या जुन्या मोबाइलवर मुद्रित केल्या होत्या. तेवढाच तिचा आवाज आमच्या घरीं उरला आहे. सुटींत काकांनीं तो ध्वनिलेख मजकडे पाठविला. परंतु माझ्या मोबाइलवर तो वाजेना. लेख बिघडला नव्हता. तो 'एएमआर' नांवाच्या स्वरूपांत होता आणि तें स्वरूप माझ्या मोबाइलला उलगडत नव्हतें. मोडी लिपींतील पत्र केवळ बाळबोध शिकलेल्या मुलाच्या हातीं पडावें, तशांतलाच हा प्रकार!

असें लिप्यंतर करणारें 'एफएफएमपेग' नांवाचें एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनीं २००० सालीं त्याचा आरंभ केला. त्यास पैसे पडत नाहींत, एवढाच 'मुक्त' या शब्दाचा अर्थ नव्हे. त्याची घडण कोणासही पाहतां येते, सुधारतां येते आणि दुसऱ्यास देतां येते. त्यामुळें आपले ध्वनिलेख कोणा एकाच्या कुलपांत अडकून पडत नाहींत. संगणकावर एकच ओळ लिहावयाची: सॉफ्टवेअरचें नांव, '-i' ही खूण, मूळ लेखाचें नांव आणि नव्या लेखाचें नांव. नव्या नांवाच्या शेवटच्या अक्षरांवरून कोणतें स्वरूप हवें तें त्यास कळतें.

मीं प्रथम 'वेव्ह' स्वरूपांत प्रत काढली. क्षणार्धांत काम झालें आणि आजीचा आवाज घरांत घुमला. आईनें डोळ्यांस पदर लावला. नवी प्रत आकारानें मूळ लेखाच्या सुमारें दसपट झाली होती. तें पाहून काका म्हणाले, "मग आवाजही अधिक स्वच्छ झाला असेल!" पण तसें मुळींच झालें नव्हतें.

त्याचें कारण असें. 'एएमआर' हें स्वरूप १९९९ सालीं मोबाइलवरील संभाषणाकरितां स्वीकारलें गेलें. त्यांत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेतात. सीडीमध्यें ते ४४,१०० असतात. शिवाय सुमारें ३,४०० हर्ट्झच्या वरचे ध्वनि त्यांत राहतच नाहींत, आणि 'स' या वर्णाची धार तर बरीचशी त्याच्याही वर असते. म्हणून आजीच्या तोंडचा 'सासर' हा शब्द त्या मुद्रणांत बोथट ऐकूं येतो. उंसाचा रस आटवून गूळ केला, तर तो गूळ पाण्यांत विरघळवून पुन्हां रस होत नाहीं. तद्वत् जें मुद्रणाच्या वेळींच गळून गेलें, तें कोणतेंही रूपांतर परत आणूं शकत नाहीं.

'एमपी३' हें स्वरूपही कानास सहसा न जाणवणारे ध्वनि वगळूनच आकार लहान करतें. अशा स्वरूपांत वारंवार रूपांतर केल्यास प्रत्येक वेळीं थोडें अधिक गळतें. याच्या उलट २००१ सालीं पूर्णत्वास आलेलें 'फ्लॅक' हें मुक्त स्वरूप होय. नऊवारी लुगडें घडी घालून पेटींत ठेवावें आणि उलगडतां तें जसेंच्या तसें निघावें, तसें यांत कांहींही न गमावतां लेखाचा आकार कमी होतो.

सर्व नातलगांस ऐकावयास मिळावें म्हणून मीं 'एमपी३' प्रती काढून पाठविल्या. घरीं एक 'फ्लॅक' प्रत ठेविली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "आतां तो जुना लेख पुसून टाक, उगाच जागा अडवतो." मीं तें मानलें नाहीं. प्रती कितीही काढतां येतील, पण मूळ एकच आहे. तो लेख मीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेविला आहे.

वाचकहो, ज्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत ते खरोखर भाग्यवान होत. त्यांच्या ओव्या, गोष्टी, आठवणी आजच मुद्रित करून घ्या. आणि त्या शक्य तितक्या उत्तम स्वरूपांत घ्या. पुढें लहान प्रती केव्हांही करतां येतील. मूळ मात्र कधींही पुसूं नका. ज्या आवाजांनीं आपणांस बोलावयास शिकविलें, त्यांचें एवढें ऋण तरी आपण फेडावयास नको काय?