काळी लोकर, सहा नंबरची सुई

माझ्या सुयांवर सध्या तीन कामं आहेत. एक बाळाचा सुती संच, एक बिनबाह्यांचा स्वेटर आणि तिसरं म्हणजे आपल्याच भागातल्या मेंढीच्या काळ्या लोकरीचं आसन. लिहायला बसले ती या तिसऱ्यासाठी, पण आधीच्या दोघांना वगळून पुढे जाववत नाही.

धाराशिवात राहून स्वेटर विणते म्हटलं की ऐकणाऱ्याला इथला उन्हाळा आठवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे खरंच. पण गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. रब्बी ज्वारीला रात्रीची वीज आली की दंडावर उभं राहून पाणी देणाऱ्याला विचारा, पौषातली पहाट अंगावर कशी येते ते.

विणकाम मला आईनं शिकवलं. 1962 च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले, त्यात तीही होती. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, आणि आपण विणलेला स्वेटर आपल्याच माणसाच्या हाताखालच्या फौजेला जाणार याचं तिला शेवटपर्यंत अप्रूप होतं. तिच्या दहा नंबरच्या सुया अजून माझ्याकडे आहेत. आपल्याकडे सुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते. बारा नंबरची बॉर्डरला, दहाची अंगाला, आठची जाड लोकरीला. आईचा हात घट्ट होता, माझा सैल आहे, म्हणून तिनं सांगितलेले टाके मी नेहमी चारेक कमी घालते.

बाळाचा संच भाचीच्या लेकासाठी आहे. तिचं सासर तेरचं. तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पुढे, हे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात लिहिलेलं आहे. अशा गावच्या बाळाला उन्हाळ्याच्या तोंडावर ॲक्रिलिकचं टोपडं घालायचं मला पटेना. सोलापूरहून बारीक सुती दोरा आणला, फिका पिवळा आणि पांढरा. सुताला लोकरीसारखी ओढ नसते. लोकरीची बॉर्डर ताणली की परत जागेवर येते, सुताची एकदा ढिली पडली की पडलीच. म्हणून बॉर्डर तेरा नंबरवर घेतली आणि टोपड्याला नाडी ओवायला भोकांची एक ओळ सोडली: दोन टाके एकत्र, धागा पुढे, पुन्हा दोन एकत्र. टोपडं आणि मोजे झाले आहेत. झबलं गळ्यापासून खाली विणतेय, म्हणजे बाळ अंगानं भरलं की खालून चार ओळी वाढवता येतील.

स्वेटर ह्यांचा. लुधियानाची चार प्लायची लोकर, राखाडी. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते तयार स्वेटर घेऊन बसतात आणि ते स्वस्तही असतात. पण ह्यांना छातीवर वेणी हवी होती, आणि वेणी विणायला मला कधीही सांगा. सहा टाक्यांची आहे. पहिले तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे सोडायचे, मागचे तीन आधी विणून काढायचे, मग सुईवरचे तीन. तेवढ्या ओळीत हात आवळतो, बोटं जपून चालतात, आणि पुढच्या सुलट ओळीला पीळ बसलेला दिसतो. असा पीळ दर आठव्या ओळीला. पाठ आणि पुढचा भाग झालाय, खांदे जोडलेत, गळ्याचे टाके उचलायचे राहिलेत. लोकर घेताना सगळ्या गुंड्यांच्या पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघून घ्यावं. दुकानाच्या उजेडात न दिसणारा फरक अंगावर चढवल्यावर दिसतो.

आता काळी लोकर.

पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. अणदूर आणि मैलारपूर, देवळं दोन आणि देव एकच. ठरल्या काळी मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. यात्रेहून परतताना रस्त्याकडेच्या रानात मेंढ्यांचा कळप बसवलेला दिसला. कातरणी नुकतीच झालेली, आणि बांधाला काळ्या लोकरीचा ढीग टाकलेला. गाडी थांबवून विचारलं, ही लोकर द्याल का? मेंढपाळ म्हणाला, “जावा की घेऊन, ओ ताई. कोण इकत घेतंय आता? कातरायची मजुरीबी निघंना.” पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याच्या नातीच्या हातात ठेवून आले.

आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते उस्मानाबादी शेळीमुळे. मेंढीची चौकशी कोणी करत नाही. ही दख्खनी मेंढी काटक, कोरड्या मुलखातली, मैलोन्‌मैल चालणारी. तिची लोकर राठ असते. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, हिचा दुपटीच्या घरात. पण याच लोकरीवर घोंगडी उभी राहिली. धनगरांच्या बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. ती घोंगडी पावसात पाणी धरत नाही, थंडीत ऊब देते, आणि खंडोबा-बिरोबाच्या पूजेला तिच्यावाचून चालत नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेत तर भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. जी वस्तू देवावर उधळायची ती आज बांधाला पडून कुजते. सिंथेटिक ब्लँकेट स्वस्त झालं, घोंगडीचं गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं तसे चरखेही माळ्यावर गेले.

लोकर घरी आणून आधी कुसळं, गोखरू आणि वाळल्या लेंड्या वेचून काढल्या. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवली. चोळायची नाही, पिळायची नाही, गरम पाण्यातून एकदम गारात घालायची नाही. नाहीतर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. पाणी चहासारखं तांबडं झालं. चौथ्या पाण्याला निवळ आलं. गच्चीवर सावलीत वाळवली तेव्हा तिचा रंग कळला. काळी म्हणतो खरी, पण टोकाला उन्हानं भाजलेली तपकिरी छटा आणि मध्येच एखादा पांढरा केस. रंगवायची गरजच नाही.

सूत काढून दिलं तुळजापूर तालुक्यातल्या एका आजींनी. हात सुरकुतलेले, पण चरख्यावर बसल्या की धागा अखंड. घोंगडीचं सूत त्यांच्या हाताला बसलेलं, एकपदरी आणि कडक पिळाचं. मी म्हटलं, “आजी, थोडा सैल पीळ द्याल का? मला सुयांवर विणायचंय.” त्यांनी धागा बोटांत धरून बघितला, म्हणाल्या, “सुयांवर? घालून बघ माय. लोकर काही नाही म्हणणार नाही.” आणि खरंच चाकाची गती कमी करून नरम धागा काढून दिला.

तरी एकपदरी सूत ते एकपदरीच. पीळ एकाच दिशेचा असल्यानं सुलट-उलट ओळींनी विणलं की कापड तिरकं व्हायला लागतं, चौकोनाचा पतंग होतो. यावर दोन उपाय आहेत. दोन धागे उलट दिशेनं एकत्र पिळून घ्यायचे, किंवा साबुदाणा वीण घालायची: एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट. दोन्ही बाजूंनी टाके सारखे पडतात, ओढ एकमेकीला तोलते आणि कापड सरळ राहतं. मी साबुदाणा घेतला, सहा नंबरच्या सुयांवर. धाग्यातले राठ केस बोटांना टोचतात, म्हणून हाताला खोबरेल लावून बसते. एकदा हात बसला की मात्र ही लोकर सुईवरून घसरत नाही, आणि टाका सुटला तरी खाली धावत न जाता जागच्या जागी थांबतो. नवशिक्यांना शिकवायला यापरतं सूत नाही.

आसन निम्म्याच्या वर झालंय. मांडीवर घेतलं की जड लागतं, दबतं आणि लगेच वर येतं. ओलं झालं तर मेंढीचा वास येतो, तो उन्हात जातो. आतापर्यंतच्या विणीवरून माझं मत असं झालंय: ही लोकर गळ्याला, अंगाला लागेल असं काही करायची नाही, तिथे ती टोचणारच. आसन, खुर्चीची गादी, गरम भांड्याखालचा चौकोन, भाजीची पिशवी, दाराशी टाकायचं पायपुसणं, यासाठी ती बाजारातल्या कुठल्याही ॲक्रिलिकपेक्षा सरस आहे. ॲक्रिलिक आचेला वितळतं. लोकर सहजी पेटत नाही, नुसती करपते.

राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. त्यांनी आणि जिल्ह्यातल्या बचत गटांनी विणकामाच्या सुताचा विचार करावा, असं मनापासून वाटतं. घोंगडीला मागवाला लागतो, खड्डा लागतो, जागा लागते. सुयांना काहीच लागत नाही, आणि विणता येणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. चरख्यावरच्या आजी आहेत तोवर त्यांच्याकडून सैल पिळाचं सूत काढून घ्यावं, दोन पदरी करून लडी बांधावी आणि वाजवी भावात विकावी.

तुम्ही विणत असाल आणि तुमच्या शिवारात कधी मेंढ्या बसल्या, तर कातरणीच्या वेळी एक पोतं लोकर मागून आणा. पैसे देऊन आणा. सहा नंबरच्या सुया, तीस टाके, साबुदाणा वीण. बाकी लोकर शिकवते.