मामांचे पॉइंट्स

मेमध्ये जळगावचा पारा 44 वर गेला की आमच्याकडे 'थंड कुठे जायचं?' सुरू होतं. यंदा पोरांना खोपोलीचं इमॅजिका हवं होतं. 2013 पासून ते सुरू आहे, आम्हीच काय ते राहिलो होतो! लोणावळ्याच्या हॉटेलांचे दर बघून एसीत घाम फुटला आणि धुळ्याचे मामा आठवले. त्यांच्याकडे टाइमशेअर आहे.

ही कल्पना आपल्याकडे स्टर्लिंगनं 1986 पासून रुजवली. एकदा रक्कम भरा, वर्षानुवर्षं आठवडाभर रिसॉर्टमध्ये राहा. कपाशीला भाव आला त्या वर्षी मामांनी एका कंपनीचं (नाव नको) फुकटचं जेवण जेवता जेवता सही केली. स्वस्त म्हणून पावसाळी सीझन घेतला. आता बोला! पावसाळ्यात शेतकरी शेत सोडून जाईल कसा? सात वर्षांत एकदाही गेले नाहीत. मेन्टेनन्स मात्र दरवर्षी भरलाय.

"मला भाड्यानं द्या," मी म्हटलं.

"पैसा भरेल शेतस, तू जाय!" मामा अहिराणीत म्हणाले.

फोन लावला. तेवढ्याच पॉइंट्समध्ये मेमध्ये दोन रात्री, ऑगस्टमध्ये सहा! तेव्हा बॉस, कुणाचे पॉइंट्स घेण्याआधी ते कधी बाद होतात, मेन्टेनन्स थकलाय का आणि पाहुण्याच्या नावानं बुकिंग चालतं का, एवढं विचाराच.

शेवटी ऑगस्टमध्ये रजा टाकली. यंदाचा मेन्टेनन्स मी भरला आणि मामा-मामींनाही गाडीत घातलं. रूमला किचन होतं. मामींनी लगेच कळण्याचं पीठ काढलं. बाहेर धो धो पाऊस. मामा बाल्कनीतून गड्याला फोनवर विचारत होते, "आपल्याकडे पडला का रे?"